उरलेल्या गोळ्यांचा डबा

तुमच्या घरात एक खण आहे. स्वयंपाकघरात असेल, देवाच्या फळीखाली असेल, नाहीतर टीव्हीच्या कपाटात. त्यात संपलेल्या बॅटऱ्या, रबरबँड, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आणि गोळ्यांच्या अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या असतात. ताप उतरला म्हणून उरलेल्या, घसा मोकळा झाला म्हणून उरलेल्या. "असू दे, पुढे उपयोगी पडतील," असं म्हणून आपणच त्या तिथे टाकलेल्या असतात. नाही म्हणू नका. हवं तर उठून बघून या, मी थांबतो.

अंधेरीच्या एका मासळीबाजारात हा खण नव्हता, डबा होता. आणि तो एका घराचा नव्हता, सगळ्या बाजाराचा होता. त्या डब्याची ही गोष्ट.

डबा सांभाळायच्या मथुराबाई. वेसाव्याच्या कोळीवाड्यात त्यांचं घर. नवरा हरेश्वरभाऊ बोट चालवणारे तांडेल, आणि मथुराबाई गेली कित्येक वर्षं बाजारात त्याच ओट्यावर बसून मासळी विकणाऱ्या. ओट्याखाली बर्फाच्या पेटीमागे त्यांचा बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा असे. कुणाच्या घरचं आजारपण सरलं, की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात यायच्या. कुणाला कणकण आली, दाढ ठणकली, की हात त्या डब्यात जायचा. लाल-काळी कॅप्सूल तापाला, पिवळी घशाला, पांढरी लांबट दाढेला. गोळीचं नाव कुणी वाचत नसे, रंग सगळ्यांना पाठ होता. आणि हाताला कोयता लागला, तर कॅप्सूल उघडून आतली पावडर सरळ जखमेवर भुरभुरायची, ही तर त्या बाजाराची जुनी रीत.

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. मथुराबाईही हेच विचारत. भर सकाळी ओटा सोडून डॉक्टरकडे जाणार कोण? बर्फ वितळतो, मासळी नरम पडते, गिऱ्हाईक शेजारच्या ओट्यावर जातं. शिवाय कोळणीच्या घरात काही वाया घालवायची पद्धतच नाही. माशाचं डोकं कालवणात जातं, उरलेले बोंबील वाळत पडतात. मग गोळ्या तेवढ्या कचऱ्यात का टाकायच्या? बाजारातल्या बायका मथुराबाईंना गमतीने डॉक्टरीण म्हणायच्या आणि मथुराबाई वरवर रागावून आतून फुलायच्या. त्या डब्यामागे माया होती, लबाडी नव्हती. म्हणून तर ही गोष्ट सांगायला जड जाते.

मथुराबाईंची मुलगी नमिता मात्र डब्याच्या विरुद्ध होती. ती रोज मेट्रोने घाटकोपरला जायची आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत जंतूंवर संशोधन करायची. "माजी नमी जंतू पालते," असं मथुराबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, आणि गिऱ्हाईक जरा मागे सरकलं की खो खो हसायच्या.

"आये, तो डबा बंद कर," नमिता किती वेळा म्हणाली होती. "कुठल्या रोगाला कुठली गोळी, किती दिवस, हे तुला काय माहीत? अर्धवट गोळ्या घेऊन जंतू मरत नाहीत, सरावतात."

"तुज्या डॉक्टरान्ला सांग, बाजारात येऊन बसा," मथुराबाई म्हणत. "मंग बंद करीन डबा."

नमिताचं काम ज्या जंतूंवर चाललं होतं, ते असेच सरावलेले होते. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे. त्यांच्यावर ती मध आणि तिवराच्या पानांचा अर्क एकत्र करून बघत होती. खाडीकाठचा तो तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, ज्याच्या चिखलात ती लहानपणी चिंबोऱ्या पकडायला गेली होती! वनखात्याची परवानगी घेऊन तिच्या सरांनी पानं आणली, तेव्हा तिने घरी जेवताना सगळं सांगितलं होतं. नुसता मध हळू चालतो, नुसता अर्क दुबळा पडतो. पण योग्य प्रमाणात दोन्ही एकत्र घातले, की ज्या जंतूंपुढे गोळ्या हरल्या तेही काचेच्या बशीत मरतात.

हरेश्वरभाऊ घास हातात धरून ऐकत होते. त्यांच्या मनात एवढंच राहिलं, की आपल्या पोरीने औषध शोधलं. काचेच्या बशीचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. बापाचं मन ते! दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना ही बातमी कळली होती.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या आणि बाजार पुन्हा भरला. एका सकाळी मथुराबाईंच्या टोपलीत शिंगाळ्यांचा ढीग पडला होता. शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळ आणि पाठीवर करवतीसारखे काटे असतात. ते आधी मोडायचे, मग मासा हाताळायचा, हे कोळणीच्या पोरीलाही ठाऊक असतं. पण ओट्यासमोर गर्दी होती, शिंगाळे आल्याचं कळून गिऱ्हाईक तुटून पडलं होतं. मथुराबाईंनी घाईत हात घातला आणि एक काटा उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात खोल गेला.

त्यांनी काटा उपटला, नळाखाली बोट धरलं आणि डबा ओढला. एक लाल-काळी उघडून पावडर जखमेवर टाकली, दोन गिळल्या, वर चिंधी बांधली. शिंगाळे संपवूनच त्या उठल्या.

बोट सुजलं. त्यांनी पिवळी घेतली. सूज थोडी उतरली, तशी त्यांनी गोळ्या थांबवल्या. पट्टीत उरलेल्या होत्या त्या परत डब्यात ठेवल्या, दुसऱ्या कुणाला लागतील म्हणून. मग बोट पुन्हा ठणकायला लागलं.

"आये, हात दाखव," नमिता म्हणाली.

"काटा लागलाय जरा. बरा व्हतंय," म्हणत मथुराबाईंनी हात पदराखाली घेतला.

"डॉक्टरकडे जाणार आहेस का तू?"

"जाते गो बाय. तू आधी पुण्याला जाऊन ये."

नमिताला चर्चासत्रासाठी पुण्याला जायचं होतं. आईने शब्द दिला म्हणून ती निश्चिंत मनाने गेली. आणि ती तिकडे असताना हरेश्वरभाऊंनी ठरवलं, की घरात औषध असताना बायकोने कण्हत का बसायचं? ते खाडीवर गेले, तिवराचा पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला, दुकानातल्या बाटलीतला मध त्यात कालवला आणि तो लगदा मथुराबाईंच्या बोटावर थापला.

"पोरीचा औषद हाय," ते अभिमानाने म्हणाले. मथुराबाईंनी डोळे मिटले. त्यांना खरंच बरं वाटलं, औषधाने नव्हे, त्या शब्दांनी.

नमिता परत आली तेव्हा सूज मनगटाच्या वर गेली होती. हातावर तांबडी रेघ कोपरापर्यंत चढली होती, अंग तापाने फणफणत होतं. तिने लगेच रिक्षा बोलावली आणि आईला मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टर अस्मिता यांनी जखम धुवायला घेतली आणि त्या थांबल्या.

"हे हिरवं काय आहे?"

"ते पोरीचाच औषद," हरेश्वरभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "मध आन् तिवराचा पाला. तिच्या लॅबमधी जंतू मरतात त्यानं."

नमिताने वडिलांकडे पाहिलं. तिला रडू येत होतं की राग, तिचं तिलाच कळेना. जे औषध म्हणून अजून जन्मलंच नव्हतं, ते तिच्या आईच्या हातावर खाडीच्या चिखलासकट बसलं होतं.

जखम साफ झाली, पू तपासायला गेला. त्याचा निकाल घेऊन डॉक्टर आल्या त्या स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की समजावं, गोष्ट साधी नाही.

"मथुराताई, आधी काय काय घेतलं होतंत?"

"लाल-काली. मंग पिवली."

"आणि याआधी? वर्षभरात?"

मथुराबाई आठवू लागल्या. पावसाच्या तोंडावर तापासाठी लाल-काळी. दाढेसाठी पांढरी. घशासाठी पिवळी. दोन दिवस घेतली आणि सोडली, कधी एकच.

डॉक्टर अस्मिता शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या हातातल्या जंतूंवर यातलं एकही औषध चालत नाही. सगळा दोष तुमच्या डब्याचा आहे असं मी म्हणणार नाही. असे जंतू बाहेरूनही येतात. पण दर वेळी अर्धं औषध घेऊन आपण त्यांना पोसत असतो. आता एक भारी इंजेक्शन उरलं आहे. ते मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून इथे ठेवून, रक्त तपासत द्यावं लागेल. त्याने हात वाचेल असं वाटतं. बोटाचं मात्र आज सांगता येत नाही."

हात! मथुराबाईंनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या त्या हाताकडे पाहिलं. याच हाताने कोयता धरला होता, पोरीचं शिक्षण केलं होतं. हा गेला तर ओट्यावर बसून करायचं काय?

डॉक्टर गेल्यावर त्यांनी नमिताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं.

"नमे, तुजा तो खरा औषद आन. लॅबमधला. तुज्या बापानं केला तो खोटा होता, मना समजला. तू केलेला आन."

"आये, नाही आणता येणार."

"का? तुज्या बशीत मरतात ना ते?"

"बशीत मरतात."

"मंग माज्या हातावर का नाय मरनार? लोकांसाठी शिकलीस, आयशीसाठी नाय?"

हे शब्द नमिताला फार लागले. कुठल्या मुलीला लागणार नाहीत? क्षणभर तिच्याही मनात येऊन गेलं, की एक छोटी बाटली पिशवीत घालून आणली तर कुणाला कळणार आहे! तिने डोळे पुसले आणि आईच्या खाटेवर बसली.

"ऐक. बशीत फक्त जंतू असतात. तुझ्या हातात जंतूंबरोबर तूही आहेस. तुझं मांस आहे, रक्त आहे, नसा आहेत. माझं मिश्रण जंतूंना मारतं हे मला माहीत आहे. ते तुझ्या जखमेला जाळणार नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. ते तपासायला वर्षं लागतात. तपासल्याशिवाय लावलं, तर बाबांनी केलं आणि मी केलं यात फरक काय?"

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या हरेश्वरभाऊंनी मान खाली घातली.

"रुग्णालयात जखमेवर मध वापरतात कधी कधी," नमिता पुढे म्हणाली. "पण तो जंतुविरहित केलेला, औषध म्हणून बनवलेला. कुणाला लावायचा ते डॉक्टर ठरवतात. दुकानातली बाटली नव्हे."

मग तिने फोन काढला आणि एक फोटो आईसमोर धरला. गोल काचेची बशी होती, तिच्यावर दुधाच्या सायीसारखा थर. थरात काही ठिकाणी पांढऱ्या टिकल्या बसवलेल्या होत्या.

"हा थर म्हणजे जंतू. असलेच, तुझ्यासारख्या पेशंटच्या जखमेतून आलेले. ही टिकली लाल-काळीच्या औषधाची. औषध चाललं असतं तर तिच्याभोवती स्वच्छ रिंगण पडलं असतं. दिसतंय का?"

मथुराबाईंनी डोळे बारीक केले. जंतूंचा थर टिकलीला अगदी चिकटून वाढला होता.

"ही पिवळीच्या औषधाची."

तिथेही तेच.

"आणि हे माझं. मध आणि तिवराचा अर्क." तिथे मात्र एक स्पष्ट, गोल, मोकळं रिंगण होतं. आई त्या रिंगणाकडे बघत राहिली.

"हे एवढं रिंगण पाडायला मला इतकी वर्षं लागली, आये. तुझ्यापर्यंत पोचायला अजून कितीतरी लागतील. कदाचित पोचणारही नाही. एक नवं औषध मिळवायचं तर आम्ही असे झिजतो. आणि आहेत ती औषधं तुझ्या डब्यातून दोन-दोन करून संपतायत. गोळ्या नाही संपत, त्यांचा गुण संपतो. घरात झुरळं झाली की तू फवारा अर्धाच मारतेस, थोडी मरतात, तू थांबतेस. मग जी उरतात त्यांना फवाऱ्याचं काही वाटत नाही. आणि पिल्लं त्यांचीच होतात."

मथुराबाईंच्या डोळ्यांसमोर बाजार आला. शेजारच्या ओट्यावरच्या वनमालाला किती वेळा गोळ्या दिल्या! तिच्या नातीच्या खोकल्याला पिवळी अर्धी करून दिली होती, स्वतःच्या हाताने. पलीकडच्या चेतनाला बाळंतपणानंतर ताप आला तेव्हा लाल-काळी. सगळ्या हसत आल्या, डॉक्टरीण म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

"आगो बाय!" त्या एकदम म्हणाल्या. "मना वाटला मी औषद वाटतंय! मी तर रोग वाटत व्हती गो! त्या बारक्या पोरीला जर उद्या काय झाला, तर तिला तरी गोली लागू पडंल काय?"

आणि आयुष्यभर बाजारात कुणापुढे न रडलेली ती बाई उशीत तोंड खुपसून रडली. स्वतःच्या हातासाठी नाही, वनमालाच्या नातीसाठी.

इंजेक्शनने काम केलं. हात वाचला. बोटाचं वरचं पेर मात्र काढावं लागलं. घरी येताच मथुराबाईंनी नमिताकडून डब्यातल्या सगळ्या गोळ्या रुग्णालयात पाठवल्या, तिथे त्या नीट नष्ट करतात म्हणून. कचऱ्यात आणि खाडीत टाकू दिल्या नाहीत.

जखम भरल्यावर त्या पुन्हा ओट्यावर बसल्या. कोयता धरायची नवी सवय करावी लागत होती. त्याच आठवड्यात, भर गर्दीच्या वेळी, शेजारच्या ओट्यावरून वनमाला आली. चेहरा तापाने लाल झाला होता.

"बाय, डबा दे गो. अंग मोडून आलंय."

मथुराबाईंनी डबा काढला नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि ते आखूड बोट वनमालाच्या डोळ्यांसमोर धरलं.

"डब्यातला येवढाच उरलाय. ह्यो देऊ?"

आजूबाजूचे कोयते थांबले. वनमाला त्या बोटाकडे बघत राहिली.

"मंग मी करू काय?" ती रडवेली झाली. "सुरमय पडलीय माजी. ओटा सोडून जाऊ कशी?"

हाच तर प्रश्न होता! या एका प्रश्नावरच तो डबा इतकी वर्षं जगला होता. मथुराबाई उठल्या. कमरेला पदर खोचला आणि चेतनाला हाक मारली.

"चेतने, वनमालाची सुरमय तू इक. माजा ओटाबी बघ. मी हिला डाक्टरकडे घेऊन जाते. उद्या तुला बरा नसला तर तुजी मासली मी इकीन. ऐकलाव ना सगल्यांनी? आजपासून जी आजारी पडंल तिचा ओटा बाकीच्या सांभालतील!"

कुणी तरी म्हणालं, "आन् डबा?"

"डबा हाय ना." मथुराबाईंनी तो ओट्यावर ठेवून उघडला. आत साबण होता, स्वच्छ पट्ट्यांची पाकिटं होती आणि शिंगाळ्याचे काटे मोडायची एक नवी पक्कड.

डॉक्टरांनी वनमालाला तपासलं आणि सांगितलं, की हा साधा व्हायरल ताप आहे, याला अँटिबायोटिकची गरजच नाही. तापाची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती. मथुराबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. या असल्याच तापांना त्यांनी किती लाल-काळ्या घातल्या होत्या!

संध्याकाळी नमिता घाटकोपरहून आली. हरेश्वरभाऊ जाळं विणत होते. त्यांनीच विचारलं, जरा चाचरत.

"नमे, तुजा मध कुठवर आला?"

"अजून बशीतच आहे, बाबा."

"असू दे, असू दे," मथुराबाई चुलीकडूनच म्हणाल्या. "सावकाश कर. नीट तपास. तवर हायेत ती औषदं आमी जपतो."

वाचकहो, ही जबाबदारी एकट्या नमिताची नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी मधाचा थेंब आणि पानांचा अर्क घेऊन उद्यासाठी झगडत असताना, आपण आपल्या खणातून आजची औषधं निकामी करत बसू नये. डॉक्टरांनी दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, दिलं तर सांगितलं तसं आणि सांगितलं तितके दिवस घ्या, आणि कितीही माया असली तरी दुसऱ्याला देऊ नका. फोनवर आलेला मधाचा नुस्खा जखमेवर थापू नका. आणि शेजारचं कुणी कामाच्या धबडग्यात डॉक्टरकडे जाऊ शकत नसेल, तर त्याला गोळी देण्याऐवजी आपली एक सकाळ द्या.

मासळी उरली तर वाळवून ठेवता येते. अँटिबायोटिक मात्र उरताच कामा नये. आता तो खण उघडा.